शीर्षकातला ‘बांगलादेशी’ कोणी तपासला?

गोव्यात म्हापशाला रात्री कुणाला तरी पकडतात आणि तासाभरात शीर्षक तयार होतं: ‘बांगलादेशी नराधम गजाआड’. खाली बातमीत मात्र ‘संशयित’. बहुतेक जण शीर्षक वाचूनच पुढे जातात, मग त्या ‘संशयित’चा उपयोग काय?

‘बांगलादेशी’ कागदावरून आलं की पोलिसांच्या तोंडून, हे बातमीदाराने आधी विचारायला हवं. बंगाली बोलणारा मजूर पश्चिम बंगालमधल्या मालदा-मुर्शिदाबादचाही असतो. १९५१ च्या निर्वासित करारावर भारताची सही नाही, निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही, त्यामुळे ‘निर्वासित’, ‘परदेशी’ आणि ‘घुसखोर’ हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. पण तिबेटी निर्वासिताकडे नोंदणी प्रमाणपत्र असतं, रोहिंग्याकडे फार तर संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचं कार्ड. कागद पाहिला नसेल तर ‘पोलिसांच्या म्हणण्यानुसार’ लिहा. गुन्हाच व्हिसा-पासपोर्टचा नसेल तर शीर्षकात राष्ट्रीयत्व नकोच.

पर्रा इथे ऑक्टोबर २०१३ मध्ये खून झाला, तेव्हा मारला गेलेला स्वतः नायजेरियन होता. पुढे महामार्ग अडवला गेला, एका मंत्र्याने नायजेरियनांना कर्करोग म्हटलं, आणि राष्ट्रीयत्वाच्या गदारोळात खून मागे पडला.

‘गुन्ह्याची कबुली दिली’ हे वाक्य सगळ्यात घातक. पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध पुरावा ठरत नाही (भारतीय साक्ष्य अधिनियम, कलम २३). अशी कबुली पुराव्यासारखी छापू नये, हे मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये बजावलं आहे, आणि गोव्याचं पर्वरीतलं खंडपीठ त्याच न्यायालयाचं. ओळख परेडीआधी (साक्षीदाराला रांगेतून संशयित ओळखायला लावतात, त्याआधी) फोटो छापला तर साक्षीदाराने चेहरा मोबाईलवर आधीच पाहिलेला असतो. परेडीचं मोल जातं, आणि आरोपी खरंच दोषी असेल तर फायदा त्यालाच. बलात्काराच्या बातमीत पीडितेचं नाव नसलं तरी ‘बेकरीमागच्या भाड्याच्या खोलीत’ एवढं लिहिलं की अख्ख्या वाड्याला कळतं. ओळख पटेल असं काहीही छापणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे.

पाठपुरावा तर जवळपास होतच नाही. पहिल्याच दिवशी एफआयआर क्रमांक, पोलीस स्थानक आणि कलमं वहीत टिपून ठेवावीत. संशयित कोठडीत असेल तर आरोपपत्राची मुदत ६० दिवस, जन्मठेपेसारख्या गुन्ह्यात ९०. त्या दिवशी ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर एफआयआर क्रमांक टाकून पाहावं. माणूस सुटला तर बातमी त्याच पानावर, तेवढ्याच जागेत यायला हवी. ऑनलाइन जुन्या बातमीच्या डोक्यावरही निकाल लिहावा, कारण घरमालक नाव शोधतो तेव्हा तीच वर येते.

बातमी चुकली असेल तर आधी संपादकाला लेखी कळवा. दाद लागली नाही तर दैनिकाबाबत प्रसिद्धीपासून दोन महिन्यांच्या आत प्रेस कौन्सिलकडे, म्हणजे वृत्तपत्रांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या संस्थेकडे जा. सोबत कात्रण, त्याचा इंग्रजी अनुवाद आणि संपादकाला लिहिलेल्या पत्राची प्रत लागते. कौन्सिल दंड करू शकत नाही, ताशेरे मात्र ओढू शकते. ज्याचे कागदच अर्धे आहेत तो माणूस भीतीपोटी तक्रार करणार नाही. ती कुठलाही वाचक करू शकतो, बातमीत त्याचं स्वतःचं नाव असायची गरज नाही.