तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्या हौदात सहाच मासे का?

चहाचा कप हातात पडायच्या आत प्रश्न येतो. विचारतात मला, बघतात ह्यांच्याकडे. एका मावसभावाने तर "पैसे संपले का?" असंही विचारून घेतलं.

हौद दहा बाय सात, खोली चार फूट. आठ हजार लिटरला जरा कमी. त्यात एके काळी बावीस कोई, म्हणजे ते रंगीत जपानी मासे, होते.

एका कोईला निदान हजार लिटर, हा ठोकताळा मला तेव्हाही ठाऊक होता. पण आणले तेव्हा बोटभर होते हो! बोटभर जिवाला कसले हजार लिटर? कोई दोन फुटांपर्यंत वाढतो हेही वाचलेलं. आपलेही वाढतील असं का वाटलं नाही, देव जाणे. तीन वर्षांत हातभर झाले आणि फिल्टर तोच, बोटभर माशांच्या वेळचा.

मे महिन्यात पुतण्याची मुंज आमच्या अंगणात ठरली. पाणी नितळ दिसावं म्हणून बुधवारी मी फिल्टरच्या चटया काढल्या, नळाला नळी लावली आणि दोन तास घासघासून धुतल्या. तपकिरी लोट मोरीत जाताना काय समाधान वाटलं! तो तपकिरी थर म्हणजेच तर फिल्टर. माशांच्या कल्ल्यांतून सुटणारा अमोनिया पचवणारे जिवाणू त्यातच राहतात आणि नव्याने धरायला महिना-दीड महिना घेतात. नळाच्या क्लोरिनने मी ते धुऊन काढले. शुक्रवारी मुंजीला आलेल्या पोरांनी वर माशांचे डबाभर दाणे ओतले. पाणी आरशासारखं. सगळ्यांनी फोटो काढले. माझ्याकडेही आहेत, उघडत नाही.

रविवारी पहाटे खाली आले तर सगळे मासे पाणी पडतं तिथे तोंडं वर काढून गोळा झालेले. गरम पाण्यात प्राणवायू आधीच कमी विरघळतो, पहाटे तर सगळ्यात कमी. अमोनियाच्या चाचणीची नळी गर्द हिरवी झाली, म्हणजे पाण्यात ते विष भरपूर. अर्धं पाणी बदललं, या वेळी क्लोरिन मारायचं औषध घालून. मंगळवारपर्यंत सोळा गेले. सगळ्यात मोठा कोहाकू, पांढऱ्यावर लाल ठिपक्यांचा कोई, शेवटी, माझ्या हातात. चिकूखाली पुरले. त्या वर्षीचे चिकू कोणी खाल्ले नाहीत.

ह्यांचं म्हणणं, चूक गर्दीची नव्हती, धुण्याची होती. चटया हौदाच्याच पाण्यात पिळल्या असत्या तर बावीसच्या बावीस जगले असते. असतीलही. मी म्हणते, सहा असते तर माझा मूर्खपणाही त्यांनी पचवला असता. यावर आमचं अजून एकमत नाही.

आता फिल्टर दुप्पट मोठा आहे, पंप दर दोन तासांनी सगळं पाणी एकदा फिरवतो, लाइट गेली तर हवेच्या मोटरला बॅटरी आहे. हिशेबाने सात बसतात, मान्य. सातवा आणायला दोनदा दुकानात गेले. दोन्ही वेळा दाण्यांची पिशवी घेऊन परत आले.