तुम्ही विचारलंत म्हणून : बोलिंगचा चेंडू कोणता घ्यावा?

डेट्रॉइटच्या एका उपनगरात मी सोळा वर्षांपासून दर मंगळवारी रात्री लीगमध्ये टेनपिन बोलिंग, म्हणजे चेंडू गडगडत सोडून दहा पिना पाडण्याचा खेळ, खेळते. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत किंवा दिवाळीच्या फराळाला या खेळाचा विषय निघाला, की कोणीतरी हमखास विचारते, ‘‘ताई, आता स्वतःचा चेंडू घ्यायचा आहे, सगळ्यांत चांगला कोणता?’’ माझ्या उत्तराने बहुतेकांचा हिरमोड होतो, कारण मी एकाही कंपनीचे नाव घेत नाही. तुम्ही खेळता त्या लेनवर, म्हणजे चेंडू सोडतो त्या अरुंद पट्ट्यावर, तेल किती असते आणि कुठपर्यंत असते, एवढेच मी आधी विचारते. आणि मग सांगते की चेंडूच्या नावापेक्षा त्याचा पृष्ठभाग किती खरखरीत किंवा गुळगुळीत आहे, हे अधिक महत्त्वाचे आहे.

तेलाचे नाव काढताच अनेकांना आश्चर्य वाटते, कारण ते डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. फाउल लाइनपासून, म्हणजे फेकताना ओलांडायची नसते त्या रेषेपासून, पहिल्या पिनपर्यंत लेन 60 फूट लांब असते आणि तिच्या रुंदीत 39 पट्ट्या, म्हणजे बोर्ड, मोजतात. यंत्राने या लेनवर तेलाचा अतिशय पातळ थर दिला जातो. तो बहुधा 40 फुटांच्या आसपास संपतो आणि पुढचा भाग कोरडा राहतो. कॅरमवर वाढलेल्या आपल्या लोकांना हे समजावणे सोपे आहे. बोर्डावर पावडर नीट पसरली असेल तर स्ट्रायकर सुळकन जातो आणि पावडर विरळ झालेल्या जागी तोच स्ट्रायकर अडखळतो. बोलिंगमध्ये मात्र ही पावडर कुठे दाट आणि कुठे विरळ टाकायची, हे आधीच ठरवलेले असते, आणि खेळ पुढे सरकतो तशी ती बदलतही जाते.

चेंडू हातातून सुटल्यावर आधी घसरतो, मग वळू लागतो आणि शेवटी पूर्ण गडगडत पिनांकडे जातो. स्किड, हूक आणि रोल या तीन अवस्थांपैकी पहिली कुठे संपते यावर पुढचे सारे अवलंबून असते आणि ती जागा मुख्यतः पृष्ठभाग ठरवतो. पॅडने घासलेल्या चेंडूवर सूक्ष्म उंचवटे असतात. ते तेलाच्या थरातून खाली पोहोचून लेनला पकडतात, त्यामुळे चेंडू लवकर वळू लागतो. पॉलिश केलेला चेंडू त्याच थरावर तरंगल्यासारखा पुढे जातो, आपला जोर राखून ठेवतो आणि कोरड्या भागात पोहोचल्यावर एकदम दिशा बदलतो. घासण्याच्या पॅडवर 500, 1000, 2000, 4000 असे आकडे असतात. आकडा जितका लहान तितका पृष्ठभाग खरखरीत. एकच चेंडू 500 वर घासला आणि नंतर 4000 वर नेऊन पॉलिश केला, तर ते दोन वेगळे चेंडू वाटावेत इतका फरक पडतो.

हे मला उशिरा कळले. लीगमधल्या तिसऱ्या वर्षी मी 200 डॉलरांच्या आसपासचा, रिअ‍ॅक्टिव्ह रेझिन नावाच्या आवरणाचा एक दमदार चेंडू घेतला. तो बऱ्यापैकी खरखरीत होता. पहिल्या गेममध्ये ताज्या तेलावर तो सुरेख चालला, दुसऱ्यात ठीक, आणि तिसऱ्यात पॉकेटमध्ये, म्हणजे पहिल्या आणि तिसऱ्या पिनच्या मधल्या फटीत, जाऊनही मागच्या रांगेतली उजव्या टोकाची दहावी पिन उभीच राहू लागली. दर मंगळवारी हेच घडत होते. मी माझ्या मनगटाला, पावलांना, थकव्याला दोष देत राहिले. शेवटी आमच्याच लीगमधल्या एका वयस्क खेळाडूने मला सांगितले, की दहाव्या पिनकडे नको, तिच्या लगेच पुढच्या सहाव्या पिनकडे बघ. ती दहाव्या पिनच्या मानेभोवतून वेगाने फिरून गेली तर चेंडूत जोर होता आणि केवळ कोन किंचित चुकला. ती मलूलपणे शेजारच्या गटरमध्ये, म्हणजे लेनच्या कडेच्या खोबणीत, आडवी झाली, तर चेंडूचा जोर पिनांपर्यंत पोहोचण्याआधीच संपला होता. माझी सहावी पिन तिसऱ्या गेममध्ये दर वेळी आडवी होत होती.

कारण अगदी साधे होते. रिअ‍ॅक्टिव्ह रेझिनच्या आवरणात सूक्ष्म छिद्रे असतात आणि ती तेल शोषतात. लेनवर आठ-दहा जणांचे असे चेंडू दोन तास फिरले, की सर्वांच्या वाटेवरचे तेल उडते. मग खरखरीत चेंडू सुरुवातीलाच लेनला पकडतो, आपली ताकद तिथेच खर्च करतो आणि पिनांना धडकताना दमलेला असतो. त्यानंतर मी तिसऱ्या गेमसाठी एक जुना, पॉलिश केलेला पर्ल, म्हणजे उशिरा वळणाऱ्या प्रकारचा, चेंडू पिशवीत ठेवू लागले. तो त्या महागड्या चेंडूहून कमी ताकदीचा आहे, आणि त्या वेळी नेमके तेच हवे असते.

आवरणांचा इतिहास पाहिला तरी पृष्ठभागाचेच महत्त्व दिसते. लाकडानंतर कठीण रबर आले, त्यानंतर पॉलिएस्टर. 1973 मध्ये डॉन मॅक्यून या व्यावसायिक खेळाडूने आपले पॉलिएस्टरचे, म्हणजे प्लॅस्टिकचे, चेंडू रसायनात भिजवून मऊ केले आणि त्या वर्षी सहा व्यावसायिक स्पर्धा जिंकल्या. पुढे आवरणाच्या कठीणपणाला किमान मर्यादा घालण्यात आली. 1980 च्या दशकात युरेथेन रुळले आणि 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला रिअ‍ॅक्टिव्ह रेझिन आले. आज पॉलिएस्टर मुख्यतः स्पेअरसाठी, म्हणजे पहिल्या फेकीनंतर उरलेल्या पिना पाडण्यासाठी वापरतात, कारण ते तेलाची पर्वा न करता सरळ जाते. युरेथेन लवकर आणि संथपणे वळते, तेल फारसे शोषत नाही, उलट ते पुढे ढकलत नेते. रिअ‍ॅक्टिव्हमध्ये सॉलिड प्रकार लवकर पकडतो, पर्ल उशिरा आणि तीव्रपणे वळतो, हायब्रिड या दोहोंच्या मधला.

आता लेनविषयी. तुमच्या-माझ्या सेंटरमध्ये रोज असते त्या हाउस पॅटर्नमध्ये, म्हणजे तेलाच्या नेहमीच्या मांडणीत, मधल्या बोर्डांवर भरपूर तेल आणि कडेला फार थोडे असते. ही मांडणी खेळाडूला सांभाळून घेते. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू जरा बाहेर गेला तर कोरडी कड त्याला परत आणते, जरा आत गेला तर मधले तेल त्याला धरून ठेवते. अशा लेनवर 2000 ते 4000 दरम्यानचा मध्यम ताकदीचा चेंडू बहुतेकांना पुरतो, आणि सर्वांत खरखरीत, सर्वांत ताकदवान चेंडू घेणे ही नवख्यांची नेहमीची चूक ठरते.

स्पर्धांच्या पॅटर्नमध्ये हा आधार नसतो. तिथे मी आधी तेलाची लांबी विचारते, कारण तिच्या फुटांतून 31 वजा केले की चेंडूने साधारण कोणत्या बोर्डवरून वळावे याचा अंदाज येतो. 44 फुटांच्या लांब पॅटर्नवर तो बोर्ड कडेपासून तेरावा येतो. कोरडा भाग तिथे इतका थोडा उरतो की पॉलिशचा चेंडू वळायच्या आत पिनांपाशी पोहोचतो. म्हणून 1000 किंवा त्याहून खरखरीत सॉलिड चेंडू हवा. 35 फुटांच्या आखूड पॅटर्नवर तो बोर्ड चौथा, म्हणजे जवळजवळ गटरच्या काठावर. तेल कमी म्हणजे चकचकीत चेंडू, असे कोणालाही वाटेल आणि मलाही बरीच वर्षे वाटत होते. प्रत्यक्षात पुढे 25 फूट कोरडी लेन असते आणि चकचकीत पर्ल तिथे पोहोचताच इतका एकदम वळतो की एक फेक पॉकेटमध्ये जाते आणि दुसरी पार पलीकडे. आखूड पॅटर्नवर मला किंचित घासलेले युरेथेन आवडते; ते संथ कमान घेते आणि चुकले तरी थोडक्यात चुकते. ताकदीपेक्षा भरवसा इथे अधिक गुण मिळवून देतो.

आणखी एक गोष्ट दुकानात कोणी आवर्जून सांगत नाही. पृष्ठभाग कायम राहत नाही. लेनवर घासून घासून खरखरीत चेंडू काही गेममध्येच गुळगुळीत होऊ लागतो आणि आत मुरलेले तेल त्याची पकड कमी करते. ‘चेंडू मेला’ असे म्हणून लोक नवा घेतात, तेव्हा मला खरोखर वाईट वाटते. खेळून झाल्याबरोबर, आवरण अजून कोमट असताना, चेंडू क्लीनरने पुसावा. काही आठवड्यांनी पॅड ओला करून त्याच्या सर्व बाजू सारख्या वेळ आणि सारख्या दाबाने घासाव्यात. अमेरिकेतील नियमांनुसार घासायचे तर पूर्ण चेंडू घासावा लागतो आणि अधिकृत स्पर्धा सुरू असताना पॅड वापरता येत नाही, म्हणून हे काम घरीच उरकावे. आतला गाभा महत्त्वाचा नाही असे नाही, परंतु पृष्ठभाग लेनला जुळलेला नसेल तर उत्तम गाभ्याचाही उपयोग होत नाही.

म्हणून नवा चेंडू घ्यायला निघालात, तर मध्यम ताकदीचा एक रिअ‍ॅक्टिव्ह चेंडू बोटांच्या मापाने भोके पाडून घ्या, स्पेअरसाठी पॉलिएस्टरचा एक घ्या, आणि उरलेल्या पैशांतून 1000, 2000 आणि 4000 चे पॅड घ्या. पहिले दोन महिने पृष्ठभाग जसा आला तसाच ठेवा आणि वहीत दर गेमच्या पुढे सहावी पिन कशी पडली ते लिहा. ती वही घेऊन या. कोणता पॅड आधी वापरायचा ते आपण एकत्र बसून ठरवू.