न्याहारीची रक्ती

रक्ती, म्हणजे बकऱ्याच्या गोठलेल्या रक्ताची परतलेली भाजी, बिघडते ती बहुतेक वेळा चुलीवर नाही, दुकानातच. खाटकाकडे सकाळी पहिलं बकरं कापलं जातं तेव्हाच हजर राहावं, स्वतःचा डबा घेऊन. मुस्लिम खाटकाकडे विचारू नये, त्यांच्यात रक्त वर्ज्य. विसेक किलोच्या बकऱ्याचं पाऊण लिटरच्या आसपास रक्त हाती लागतं आणि गिऱ्हाईक ठरलेली असतात, म्हणून आदल्या दिवशी सांगून ठेवलेलं बरं. श्रावण संपल्यावर पोळ्याच्या करीला (दुसऱ्या दिवशी) आणि धुळवडीला तर नक्कीच.

रक्त धरायचं भांडं धुतलेलं आहे का, ते डोळ्यांनी बघा. केस, माती किंवा शेण एकदा आत गोठलं की गाळता येत नाही. भांड्यात आधीच चमचाभर मीठ आणि थोडं पाणी असलं की रक्त मऊ आणि सारखं गोठतं. पाचदहा मिनिटांत दह्यासारखी वडी बसते. कडेनं पिवळसर पाणी सुटतं, त्याला घाबरायचं कारण नाही. आंबूस वास, बुडबुडे किंवा हिरवट झाक दिसली तर मात्र घेऊ नका. उन्हाळ्यात घरी आणून लगेच वाफलायचं, म्हणजे गरम पाण्यात शिजवायचं, "आंघोळ करून बघू" चालत नाही.

पाव किलो रक्तीला तीन मोठे कांदे, दहाबारा पाकळ्या लसण, चार हिरव्या मिरच्या, एक चमचा तिखट, अर्धा चमचा हळद आणि मूठभर सांभार, म्हणजे कोथिंबीर.

गंजात (पातेल्यात) पाणी, हळद आणि चिमूटभर मीठ घालून कोमट करा. वडीचे चार तुकडे अलगद सोडा आणि मंद आचेवर पंधरा मिनिटं ठेवा. पाणी खळखळलं की रक्तीला जाळी पडते आणि ती रबरासारखी चिवट होते. घाई करणाऱ्यांची रक्ती इथेच ओळखू येते. तुकडा मधोमध कापून बघा: आत लाल दिसलं तर अजून पाच मिनिटं, सगळीकडे तपकिरी असलं तर निथळून घ्या. गार झाल्यावर बोराएवढे तुकडे करा. गरम असताना सुरी लावली तर चुरा होतो.

आता तेल. रक्तात चरबी जवळजवळ नसतेच, त्यामुळे कमी तेलातली रक्ती घशाखाली उतरत नाही. परदेशात आतड्यात रक्त भरतात तेव्हाही सोबत चरबीचे तुकडे घालतात, ते उगाच नाही. दोन पळ्या तेल घ्या, किंवा खाटकाकडून लिंबाएवढी चरबी मागून आधी ती वितळवा. कांदा लालसर होऊ द्या, मग लसण, मिरची, तिखट. तुकडे टाकून जेमतेम पाच मिनिटं परता. मीठ शेवटी, चाखून, कारण गोठवताना आणि वाफलताना ते पडलेलंच आहे. सावजी मसाला घालणारे घालतात, पण त्यात रक्तीची चवच हरवते.

काही खाटीक रक्त हातानं ढवळून त्यातले धागे काढून टाकतात, मग ते पातळच राहतं. ते वाफलू नका. परतलेल्या कांद्यावर ओतून सतत हलवा, भुर्जी होते. कुठंही लाल किंवा ओलसर राहू देऊ नका.

ज्वारीच्या भाकरीसोबत, वरून लिंबू. चरबीत केली असेल तर गरमच वाढा, थंडीच्या दिवसात ती ताटातच गोठते. उरलेली रक्ती संध्याकाळसाठी ठेवू नका.