मारुती ८००: झिजलेल्या हीटर कंट्रोलचे काम

आमची १९९४ ची मारुती ८०० एसी गेल्या उन्हाळ्यात नीट गार होत नव्हती. गॅसचा दाब तपासला, कंडेन्सर धुतला, तरी हवा कोमटच येत राहिली. शेवटी इंजिन तापलेले असताना हीटरमधून पाणी परत आणणाऱ्या रबरी नळीला जपून बोट लावले आणि कारण सापडले. डॅशबोर्डावरच्या गरम-गार कंट्रोलची दांडी गारच्या टोकाला असूनही ती नळी चटका बसेल इतकी तापलेली होती. म्हणजे हीटरकडे जाणारे गरम पाणी अडवणारा वॉटर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नव्हता, आणि एसीने गार केलेली हवा हीटर कोअरवरून, म्हणजे गरम पाणी फिरणाऱ्या हीटरच्या भागावरून, जाताना पुन्हा तापत होती. सोलापुरात हीटर चालू झाला नाही तरी वर्षभर कोणाची अडचण होत नाही, पण तो बंद झाला नाही तर एप्रिल-मे महिन्यांत गाडीत बसवत नाही. म्हणून हे काम मी गांभीर्याने हाती घेतले.

डॅशबोर्डातून कंट्रोल बाहेर काढल्यावर दिसले, की दांडीचे प्लास्टिकमधले छिद्र झिजून लांबट झाले आहे. दांडी टोकाला पोहोचायची, पण त्यातली काही हालचाल त्या ढिलाईतच संपायची आणि व्हॉल्व्हला जोडलेली केबल तेवढी कमी सरकायची. भंगार बाजारातून आणलेल्या जुन्या कंट्रोलची झीजही तशीच निघाली, त्यामुळे मूळ भागच दुरुस्त करायचे ठरवले. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतील एका लेथवाल्याकडून पितळी बुश (छिद्रात बसणारी छोटी नळी) करून घेतला, छिद्र रीमरने, म्हणजे छिद्र खरवडून मोठे करणाऱ्या हत्याराने, हाताने गोल वाढवले आणि बुश इपॉक्सीने बसवला. ड्रिल मशीन मुद्दाम वापरले नाही, कारण तीस वर्षांचे प्लास्टिक उष्णतेने आणि झटक्याने तडकते.

मात्र बुश बसवून काम संपले असते, तर ती दुरुस्ती फार टिकली नसती. दांडी झिजली ती व्हॉल्व्ह जड झाल्यामुळे. पूर्वी अनेक वर्षे रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी भरले जात होते आणि त्यातील क्षार व्हॉल्व्हच्या दांड्याभोवती साचून घट्ट झाले होते. व्हॉल्व्ह उतरवून रात्रभर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये ठेवला, तेव्हा तो एका बोटाने फिरू लागला. त्याच दिवशी सगळे पाणी काढून, यंत्रणा धुऊन, डिस्टिल्ड वॉटर मिसळलेले कूलंट भरले. आपल्या भागात जुनी गाडी ठेवणाऱ्या प्रत्येकाने बोअरचे पाणी कायमचे थांबवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

केबल जोडताना सर्वांत जास्त वेळ गेला. दांडी गारच्या टोकाला नेऊन, व्हॉल्व्ह हाताने पूर्ण मिटवून मगच केबलच्या बाहेरच्या आवरणाची क्लिप लावायची असते. पहिल्या वेळी मी दांडी अगदी टोकाला टेकवून क्लिप लावली, आणि आवरण दबल्यामुळे व्हॉल्व्ह किंचित उघडा राहिला. दुसऱ्या वेळी दांडी टोकापासून दोन मिलिमीटर अलीकडे ठेवली. त्यामुळे दांडी टेकण्याआधीच व्हॉल्व्ह मिटतो. सांध्यांना सिलिकॉन ग्रीस लावले. आधीचे चासी ग्रीस धुळीने काळे आणि चिकट झाले होते.

पंखा फक्त शेवटच्या वेगावर चालत होता, त्याचा वेग कमी करणारा जळलेला रेझिस्टर याच वेळी बदलला.

गेल्या रविवारी तुळजापूरला जाऊन आलो. घाट चढून वर पोहोचल्यावर, इंजिन पूर्ण तापलेले असताना, परतीच्या नळीला हात लावला. ती आता जेमतेम कोमट होती. बाहेर अडतीस अंश तापमान असताना एसी सुरू ठेवून जाळीपाशी थर्मामीटर धरला, तर चौदा अंश दिसले. दुरुस्तीपूर्वी तशाच उन्हात तेवीसच्या खाली आकडा येत नव्हता. कंट्रोलच्या पट्टीवरील निळ्या-लाल खुणा पुसट झाल्या आहेत आणि तिच्यामागचा दिवा लागत नाही. त्यासाठी पट्टी पुन्हा काढावी लागेल, तेव्हा बुशची पकडही तपासून घेईन.