गोट्याची साखर आणि घरातला हिशेब

आमच्या मागच्या अंगणात आमचा बोका गोट्या याच्या लघवी-शीसाठी गिरणा नदीच्या वाळूचे एक घमेले ठेवलेले असते. गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता त्या वाळूला मुंग्या लागू लागल्या. आईला स्वतःला गेली पंधरा वर्षे मधुमेह आहे, त्यामुळे त्या मुंग्यांचा अर्थ तिला माझ्याआधी कळला. "मांजरले बी साखर व्हस का रे?" असे तिने विचारले आणि मी हसण्यावारी नेले. लक्ष द्यायला लागलो तेव्हा दिसले, की पाण्याचे भांडे दिवसातून तीनदा भरावे लागत होते, पोटभर खाऊनही त्याचा कणा हाताला लागत होता आणि एका उडीत ओट्यावर चढणारा हा बोका मागच्या पायांची पूर्ण टाच जमिनीला टेकवून फरफटल्यासारखा चालत होता. ही चाल म्हणजे साखरेने मज्जातंतूंना इजा झाल्याची खूण, हे जळगावच्या पशुवैद्यकांनी सांगितले. रक्तातली साखर 412 भरली. मांजर नुसते घाबरले तरी साखर तात्पुरती चढते, म्हणून त्यांनी लघवीतली साखरही तपासली आणि मगच निदान पक्के केले. नसबंदीचे ऑपरेशन केलेला, वय नऊ, आजाराआधी वजन साडेसहा किलो: मधुमेह होण्यासारखे जे जे असावे लागते, ते सारे गोट्याकडे होते.

उपचार आपल्याला झेपेल का, हा प्रश्न पहिल्याच दिवशी पडला. मधुमेही मांजरांसाठी मिळणाऱ्या खास कोरड्या खाद्याच्या एका लहान पिशवीच्या किमतीत आमचा आठवड्याचा किराणा येतो. पण थोडे समजून घेतल्यावर ध्यानात आले, की मांजर हा मूळचा मांसाहारी प्राणी आहे आणि त्याला पिष्टमय पदार्थांची गरज जवळजवळ नसते. आम्ही मात्र त्याला वर्षानुवर्षे दुधात कुस्करलेली भाकरी आणि बाजारातल्या मांजरखाद्याचे साधे कोरडे दाणे घालत होतो. त्या दाण्यांच्या पिशवीवर प्रथिने 30, स्निग्धांश 10, ओलावा 10 आणि तंतू 4 टक्के असे छापलेले होते. राख, म्हणजे खनिजे, छापलेली नव्हती, ती 8 धरली. सगळ्यांची बेरीज शंभरातून वजा केल्यावर 38 टक्के पिष्ट उरले, म्हणजे एकूण उष्मांकांपैकी सुमारे 40 टक्के. मधुमेही मांजरासाठी हा आकडा 10 ते 12 टक्क्यांच्या आसपास असावा, असे पशुवैद्यक सांगतात. ओल्या खाद्याच्या पाऊचांमध्ये पिष्ट बहुधा कमी असते, पण दाट रस्सा असलेल्या पाऊचात तो रस्सा पिठानेच दाट केलेला असू शकतो, म्हणून तिथेही वजाबाकी करूनच घ्यावे.

आता गोट्याचे निम्मे जेवण पाऊचचे आणि निम्मे घरच्या कोंबडीचे असते. चिकनच्या दुकानात काळीज (यकृत) आणि हृदय यांचे तुकडे मांसापेक्षा स्वस्त मिळतात. त्यातले हृदय मुद्दाम घ्यावे, कारण मांजराला आहारातून मिळावेच लागणारे टॉरिन त्यात भरपूर असते आणि त्याच्या कमतरतेने मांजराचे हृदय दुबळे होते. काळीज मात्र थोडेच द्यावे, कारण त्यातले अ जीवनसत्त्व रोज जास्त गेले तर बाधते. शिजवताना टॉरिन पाण्यात उतरते, म्हणून पाणी कमी घालायचे आणि ते फेकायचे नाही. मीठ, मसाला काहीही नाही. आमच्याकडच्या काळ्या मसाल्याच्या रश्श्यातला तुकडा नुसता धुऊन देण्याची सवय तर पूर्ण बंद करावी लागली, कारण कांदा आणि लसूण मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. केवळ मांसावर ठेवल्यास कॅल्शियमची वाण पडते. त्याची पूड डॉक्टरांनी वजनानुसार ठरवून दिली आहे. साडेचार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण 200 ते 250 किलोकॅलरी पुरतात, हे कळल्यावर खर्चाची भीती निम्मी ओसरली. स्वस्त पडते म्हणून उपाशी ठेवणे किंवा वजन झटकन उतरवणे हा मात्र मार्ग नव्हे, कारण जाड मांजराने दोन-तीन दिवस अन्न सोडले तरी त्याच्या यकृतात चरबी साचून जिवावर बेतू शकते.

एक गोष्ट इथे ठळकपणे सांगतो. दाणे बंद करून मांसाहार सुरू केला की साखर वेगाने उतरू शकते आणि कालचा इन्सुलिनचा डोस आज जास्त ठरू शकतो. म्हणून हा बदल डॉक्टरांना सांगूनच आणि रोज साखर मोजत करावा.

इन्सुलिन माणसांचेच, ग्लार्जिन, दर बारा तासांनी. भारतीय कंपन्यांचे ग्लार्जिन मूळ कंपनीच्या औषधापेक्षा स्वस्त मिळते. 10 मिलीची कुपी घेण्याऐवजी 3 मिलीचे कार्ट्रिज घेतले, तर त्यात 300 युनिट असतात आणि सकाळ-संध्याकाळ एकेक युनिट लागणाऱ्या मांजराला तेही महिन्याभरात संपत नाही.

आमची चूक सिरिंजची झाली. ग्लार्जिन दर मिलीला 100 युनिटांचे असते आणि त्याला 100 ची, नारिंगी टोपणाची सिरिंज लागते. एका औषध दुकानाने मला 40 च्या इन्सुलिनची लाल टोपणाची दिली आणि मीही टोपणाकडे न पाहता एकच्या खुणेपर्यंत भरून टोचली. ते एक युनिट नव्हते, अडीच होते. रात्री अकराला गोट्या दाराच्या चौकटीला धडकत, डोलत चालू लागला आणि मीटरने 48 दाखवले. आईने स्वतःसाठी उशाशी ठेवलेली मधाची बाटली काढली, बोटाने त्याच्या हिरड्यांना मध चोळला आणि तोपर्यंत मी डॉक्टरांना फोन लावला. त्यांच्या सांगण्यावरून आम्ही दर अर्ध्या तासाने साखर मोजत पहाटेपर्यंत बसलो. तेव्हापासून लाल टोपणाची एकही सिरिंज घरात येत नाही. सुई टोचली की निसटली अशी शंका आली तर दुसऱ्यांदा टोचायचे नाही आणि मांजराने जेवण नाकारले तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नेहमीचा डोस द्यायचा नाही, हे दोन नियम आईने फ्रीजच्या दारावर लिहून लावले आहेत.

साखर मोजायला आईचाच ग्लुकोमीटर वापरतो, फक्त सुई नवी घेतो. कानाला कोमट फडके लावून, काठाची शीर उजेडात पाहून टोचले की थेंब येतो. माणसांचे मीटर मांजराची साखर बहुधा खऱ्यापेक्षा कमी दाखवते, कारण मांजराच्या रक्तातली बहुतेक साखर तांबड्या पेशींत नसून रक्तद्रवात असते. म्हणून आमचे सगळे आकडे एकाच मीटरवरचे असतात आणि डॉक्टरही ते तसेच वाचतात.

खानदेशातला उन्हाळा हा आणखी एक विषय. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जातो आणि त्यातच वीज जाते. कार्ट्रिज फ्रीजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यापासून लांब ठेवतो. वीज फार वेळ गेली तर ते कोरड्या डब्यात घालून तो डबा माठाच्या ओल्या वाळूत खोवतो. एकदा गोठलेले किंवा गढूळ झालेले ग्लार्जिन कितीही महागाचे असले तरी फेकावेच लागते.

आता संध्याकाळी सातला आधी आईची सुई होते, मग गोट्याची. आपली पाळी कधी येते हे त्याला नेमके कळते. त्याचा डोस गेल्या महिन्यात अर्ध्या युनिटावर आला आहे आणि सोमवारी त्याने ओट्यावर उडी मारून कढईचे झाकण पाडले.