"चावायचं नाही" म्हणत म्हणतच चावली

मी स्पीच थेरपिस्ट आहे. आमच्याकडे येणारी लहान मुलं बहुतेक बोलत नाहीत म्हणून आणलेली असतात, त्यामुळे २२ महिन्यांच्या एका मुलीच्या फॉर्मवर "खूप बोलते" एवढंच कारण लिहिलेलं बघून मी तो फॉर्म पुन्हा वाचला. ओळख पटेल असं काही लिहीत नाही, पण ती केस सांगावीशी वाटते.

आईने फोनमध्ये शब्दांची यादी ठेवली होती, दहाव्या महिन्यापासूनची. स्क्रोल करतच राहावं एवढी मोठी. साधारणपणे मूल वर्षाच्या आसपास पहिला शब्द बोलतं आणि दोन वर्षांच्या आसपास दोन शब्द जोडायला लागतं, मग ते "बाबा ये" असो नाहीतर "दूध नको". अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने कुठल्या वयात मुलाला काय जमतं याची आपली यादी २०२२ साली बदलली, त्यात ५० शब्द ३० महिन्यांवर ठेवलेत, पण ते सरासरी म्हणून नाही तर निदान ७५ टक्के मुलांना जमेल ते वय म्हणून. ही मुलगी या सगळ्याच्या कितीतरी पुढे होती.

पण यादी कितीही मोठी असली तरी मी आधी त्यातला शब्द कुठला धरायचा ते बघते. मूल आपणहून, दर वेळी त्याच अर्थाने वापरतं तो शब्द. उच्चार तुटका असला तरी चालतो, "भू भू" पण चालतं, घरात दोन भाषा असतील तर दोन्हीकडचे धरायचे. आपण म्हटल्यावर मागून म्हटलेला नाही धरत मी, आणि पाठ केलेल्या गाण्यातले तर नाहीच. काही मुलं अख्खं गाणं म्हणतात पण तहान लागली की हात ओढून नेतात, ती गोष्ट वेगळी आणि तिच्याकडे लक्ष द्यायलाच हवं.

हिचं तसं नव्हतं. खाली सतरंजीवर बसल्या बसल्या मला म्हणाली, "उद्या आजी आली होती, मी टॉवर करलं, दादाने पाडलं." मला काय आनंद झाला! समोर नसलेल्या आजीबद्दल बोलत होती, घडलेलं क्रमाने सांगत होती, आणि "करलं" हे तर घरात कोणीच म्हणत नसणार, म्हणजे "पाडलं" सारखे शब्द ऐकून नियम तिने स्वतः काढला आणि लावून टाकला. अशी चूक पाठांतराने होत नाही, ती भाषा आतून तयार होत असल्याची खूण आहे. ती चूक सुधारायलाही जाऊ नका, आपण नुसतं "हो का, तू टॉवर केलास?" म्हटलं की पुरतं.

मग खरं कारण निघालं. पाळणाघरातून तक्रार आली होती की ही बाकीच्या मुलांना चावते, आणि तिथल्यांचं म्हणणं होतं की हिला सगळं कळतं, एवढं स्पष्ट बोलते, म्हणजे मुद्दामच करते. आईबाबांनाही ते पटायला लागलं होतं, घरी कोपऱ्यात उभं करणं सुरू झालं होतं. तिचा चार वर्षांचा दादा बरोबर आला होता. त्याने तिच्या हातातली लाल गाडी घेतली. ती उठली, त्याच्याकडे गेली, अगदी स्वच्छ आवाजात म्हणाली, "चावायचं नाही, दादाला बाऊ होतो," आणि त्याच दमात त्याच्या मनगटाला चावली. मग तोच हात धरून ती स्वतःच रडायला लागली, दादापेक्षा मोठ्याने.

बाबा म्हणाले, "बघितलंत ना मॅडम, कळतं तिला." मी म्हटलं हो, नियम माहीत आहे, पण नियम माहीत असणं आणि रागाच्या क्षणी स्वतःला थांबवणं ही दोन वेगळी कामं आहेत. थांबवण्याचं काम मेंदूचा पुढचा भाग करतो, तो मोठेपणापर्यंत तयार होत राहतो, आणि तिची वाक्यं साडेतीन वर्षांच्या मुलासारखी असली तरी ते काम २२ महिन्यांचंच चाललंय. कमी बोलणारं मूल चावलं तर आपण म्हणतो लहान आहे अजून, आणि हिला मात्र बोलता येतं म्हणून शिक्षा, हे मला फार लागतं. लवकर बोलणाऱ्या मुलांवर हा अन्याय सर्रास होतो, त्यांच्याशी बोलता बोलता आपण त्यांचं वयच विसरतो.

कोपरा बंद करा म्हणून सांगितलं. लांबलचक समजावणंही बंद, कारण राग आला की तिचे शब्दही तिच्या हाताशी नसतात. खेळण्यावरून ओढाताण दिसली की मोठ्या माणसाने जवळ बसायचं, तोंड पुढे येण्याआधीच हात मधे घालायचा, आणि "माझी आहे, दे" एवढंच छोटं वाक्य तिच्या वतीने म्हणायचं. हेच पाळणाघरासाठी पत्रात लिहून दिलं, वर ठळक अक्षरात तिचं वय.

निघताना बाबांनी विचारलं, "म्हणजे खूप हुशार आहे का?" बोलणं छान आहे, त्याचा आनंद घ्या, पण एवढ्यावरून पुढचं काही सांगता येत नाही, उशिरा बोलायला लागलेली कितीतरी मुलं नंतर बरोबरीला येतात. आईने दारात आणखी एक विचारलं, हल्ली वाक्याच्या सुरुवातीला "मी मी मी" असं अडखळते. या वयात वाक्यं भराभर लांब व्हायला लागली की असं होतं, तिला "हळू बोल" म्हणू नका, नुसतं शेवटपर्यंत ऐका. सहा महिने टिकलं किंवा बोलताना चेहरा ताणायला लागली तर मात्र लगेच घेऊन या.

महिन्याभराने आईचा फोन आला. चावणं थांबलं नव्हतं, कमी झालं होतं, आणि पाळणाघरात आता खेळाच्या वेळी कोणीतरी तिच्या शेजारी बसत होतं.