मऊ केक आणि ओव्हनचा खोटा आकडा

मैदा चाळणं, अंडी फेटणं, टिनला बटर लावून कागद घालणं, हे सगळं कुणालाही जमतं, त्यावर मी लिहीत बसत नाही. माझं डोकं फिरवलं ते ओव्हनने, आणि त्याहून जास्त प्रत्येक रेसिपीतल्या "१८० डिग्रीवर ३५ मिनिटं" या वाक्याने. कुणाच्या ओव्हनचे १८०?

माझा केक कायम वरून फाटायचा, मधे उंच टेंगूळ, कडा टोस्टसारख्या कडक, आणि एवढं होऊन कापला की मधला भाग चिकट. सल्ले तर काय, दही घाल, दूध वाढव, तेल वाढव, ब्रँड बदल. सगळं करून झालं. पण मला एक सांगा, एकाच टिनमधला केक कडेला कोरडा आणि मधे कच्चा असेल तर दोष मिश्रणाचा कसा? मिश्रण तर सगळीकडे तेच होतं ना.

मग ओव्हनमध्ये ठेवायचं छोटं थर्मामीटर आणलं आणि मधल्या जाळीला लटकवलं. डायल १८० वर, प्रीहीटचा लाईट बंद झालेला, म्हणजे ओव्हनच्या मते सगळं तयार, आणि काचेतून बघते तर काटा २१० च्या पुढे. म्हटलं थांबू, येईल जागेवर. काटा हळूहळू खाली आला, १९५ च्या आसपास रॉड परत लाल झाले, काटा परत वर. आता हे वरखाली होणं नॉर्मलच असतं, थर्मोस्टॅट रॉड चालू-बंद करूनच तापमान राखतो, कुठलाच ओव्हन एका आकड्यावर गप्प बसत नाही. पण वरखाली होऊन सरासरी तरी लावलेल्या आकड्याजवळ यावी की नाही? माझी २०० च्या खाली यायलाच तयार नव्हती.

कंपनीला फोन केला. फोनवर आधी मलाच विचारलं, मॅडम रेसिपी बरोबर फॉलो केली का. बऱ्याच पाठपुराव्यानंतर माणूस आला, ओव्हन चालू केला, रॉडकडे बघितलं आणि म्हणाला, "हीटिंग ओके आहे." मी थर्मामीटर दाखवलं तर म्हणे ते आमच्या कंपनीचं नाही, त्याचं रीडिंग धरता येत नाही. बरं, तुमच्याकडचं आहे का? तर नाही! तापमानाची तक्रार तपासायला आलेला माणूस तापमान मोजायचं काहीच न घेता आलेला. वर फॉर्म पुढे केला, "तक्रारीचं निवारण झालं", इथे सही करा. मी केली नाही, तो उभाच, मी पण उभीच. शेवटी निवारण खोडून "तपासणी केली" असं लिहायला लावलं तेव्हा सही दिली.

ओव्हन जास्त तापला की कडा आणि वरचा थर आधीच सेट होतो, आतलं मिश्रण मात्र अजून फुगत असतं, त्याला जागा उरत नाही मग ते मधूनच फोडून वर येतं. आणि मधला भाग शिजेपर्यंत कडांमधलं पाणी उडून जातं. यात दही काय करणार बिचारं.

आता मी डायल १५५ च्या जरा खाली ठेवते, थर्मामीटर १७०-१७५ च्या आसपास खेळतं, केक सरळ फुगतो. लाईट बंद झाल्यावरही १०-१५ मिनिटं ओव्हन तसाच तापू द्या, कारण तेव्हा फक्त हवा तापलेली असते, भिंती नाही. आणि हे सगळं मिश्रण करायच्या आधी, कारण दही आणि सोडा एकत्र आले की गॅस लगेच सुटायला लागतो, ते ओट्यावर वाट बघत ठेवायचं नाही. मैदा घातल्यावर दिसेनासा होईपर्यंतच ढवळा, पुढे ढवळाल तितका केक चिवट.

केक शिजला का बघायला मधे घालतात त्या काडीबद्दल पण एक. काडी अगदी कोरडी येईपर्यंत थांबू नका! ओलं पीठ नको, पण दोन-चार ओलसर कण चिकटलेले हवेत, कारण बाहेर काढल्यावरही केक थोडा वेळ आतून शिजत राहतो. मी रेसिपीच्या वेळेआधी ५-७ मिनिटांपासूनच काडी घालून बघते. त्याआधी मात्र दार उघडायचं नाही, अर्धवट फुगलेला केक मधे बसतो.

हां, मैदा वजन करून घ्या. कप दाबून भरला की १२० ग्रॅमचे १५० कधी होतात कळत नाही. साखर कमी करायचा मोहही टाळा, ती नुसती गोडीला नसते, पाणी धरून ठेवते. आणि केक फ्रीजमध्ये राहणार असेल तर बटरऐवजी तेल वापरा, बटर थंडीत घट्ट होतं आणि केक कोरडा वाटतो.

टिन काचेचा असेल तर तापमान अजून १०-१५ डिग्री कमी. केक १० मिनिटांनी टिनमधून काढून जाळीवर ठेवा, नाहीतर खाली वाफ धरून तळ गिच्च होतो. पूर्ण गार झाला की घट्ट गुंडाळून ठेवा, दुसऱ्या दिवशी जास्त छान लागतो, उरला तर.